नलूताईंची गाळलेली ओळ

नलूताईंच्या दाराची बेल वाजवली की आधी खिडकीचा पडदा बोटभर सरकायचा. आपण त्यांना दिसलेलो असायचो, त्या आपल्याला दिसलेल्या असायच्या, आणि तरीही आतून प्रश्न यायचा, "कोण?"

"मी शुभा."

"कोण शुभा?"

मी समोरच्याच घरात राहते. दोन्ही घरांच्या मध्ये एक चिऱ्याच्या दगडांचा बुटका गडगा आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच काय ते अंतर. अख्ख्या आळीत शुभा नावाची दुसरी बाई नाही. तरी मी निमूटपणे नवऱ्याचं नाव सांगायची, मग कडी निघायची आणि नलूताई अगदी मायेने म्हणायच्या, "ये गो, आत ये. आवाज काय, कुणीपण काढतं हल्ली."

सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लोकांच्या रक्ताचे थेंब काचेवर पसरायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि हिवतापाचे जंतू शोधायचे, हे काम. ते करता करता स्वभाव तसा झाला, की मुळात स्वभाव तसा म्हणून ते काम जमलं, हे मला कधी कळलं नाही. दुधाचा थेंब नखावर घेऊन त्या तो घरंगळतो कसा ते बघायच्या. आंब्याचा देठ हुंगल्याशिवाय पेटीला हात लावायच्या नाहीत. मिरकरवाडा बंदरावर बांगडा घ्यायला गेल्या की कल्ला उचलून बघायच्या, डोळा बघायच्या, शेपटीकडे धरून मासा आडवा करायच्या. एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "बाय, लगीन लावायचा हाय काय त्याच्यासंगती?" नलूताईंनी शांतपणे दुसरा मासा उचलला.

प्रसाद हातावर पडला तरी आधी विचारायच्या, "कुणी केलाय?" देवासमोर असं विचारणारी बाई आमच्या भजनी मंडळात दुसरी नव्हती. माझाही स्वभाव काही भोळा सांब नाही. पण मी संशय मनात ठेवते. त्या तोंडावर विचारायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत हात पुढे धरून उभ्या राहायच्या.

निवृत्त झाल्यावर त्या मंडळात आल्या. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आळीतल्या देवळाच्या सभामंडपात आम्ही दहा-बारा जणी जमतो. पेटी माझ्याकडे आणि मंडळ कमलवहिनींच्या ताब्यात. नलूताईंचा आवाज चांगला होता, किंचित जाडसर, पण सुरात. दोन-तीन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की ही बाई मध्येच गप्प होते. टाळ चालू असतो, मान चालू असते, ओठ मात्र मिटलेले. पुढच्या ओळीला पुन्हा आवाज येतो. पेटीवाल्या बाईला असल्या गोष्टी लगेच कळतात. शब्द विसरल्या म्हणावं, तर झेरॉक्स समोर. दम लागला म्हणावं, तर गप्प होण्याच्या ओळी ठरलेल्या.

मी कमलवहिनींना सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा पुढचं सुचलं. "नवरात्रात स्पर्धा हाय," त्या म्हणाल्या, "खालच्या आळीच्या मंडळात हिची मामेबहीण हाय. आमच्या चाली ऐकायला गप्प बसत असंल." मला ते पटलं. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं की मला फार बरं वाटतं, हे मी कबूल करते.

म्हणून एका शुक्रवारी, त्या पाय धुवायला नळावर गेल्या असताना, मी त्यांच्या पिशवीतली गाण्यांची वही उघडली. असं करू नये हे मला माहीत आहे. वहीत गाणी होती आणि प्रत्येक ओळीपुढे शिसपेन्सिलीने खूण होती. काही ओळींपुढे बरोबरची, काहींपुढे फुली, पुष्कळशा ओळींपुढे प्रश्नचिन्ह. आम्ही एक पद म्हणतो, त्यात "नाही उरले माझे काही, देवा तुझेच हे सारे" असं आहे. त्या ओळीपुढे फुली, आणि बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला, 'कलमं?' दुसऱ्या एका पदात वैरीसुद्धा सोयरे वाटू लागल्याची ओळ आहे. तिथे लिहिलं होतं, 'धाकटी जाऊ. अजून नाही.'

"सापडलं काय?" मागून आवाज आला. नलूताई ओल्या पायांनी उभ्या होत्या. त्यांनी वही घेतली, पिशवीत ठेवली आणि माझ्या शेजारी बसल्या.

"पालीला, माहेरी, माझी तीस हापूसची कलमं हायत," त्या म्हणाल्या. "वडलांनी माझ्या नावावर केली. गेल्या साली भाऊ म्हणाला, देऊन टाक. मी नाय म्हटलं. मग इथे येऊन 'माझं काही नाही' असं देवाला सांगू? त्याला सातबारा कळत नाय काय?"

"अहो, पण ते गाणं आहे. त्यात काय एवढं?"

"रिपोर्टच तो पण. खाली सही आपलीच असते."

हेरगिरीचा संशय तिथेच फिटला, पण मला त्या जास्तच टोचू लागल्या. पंचवीस वर्षं मी ही सगळी पदं डोळे मिटून म्हणत आले होते. माझ्या नावावर कलमं नसली, तरी माहेरच्या घराच्या हिश्शावरून मी भावाशी सहा वर्षं बोलत नव्हते. त्यांच्यामुळे मला हे शुक्रवारी पाच वाजता आठवायला लागलं. कुणाला आवडेल?

मी एकदा त्यांना खवचटपणे विचारलं, "मग पूर्ण म्हणता येतील अशी गाणी किती आहेत तुमच्याकडे?"

"तीन नायत," त्या म्हणाल्या. "दोन. अडीच म्हण."

पहिलं त्यांच्या आईचं. पावसाळ्यात लाकडं भिजायची, चूल पेटायची नाही, आणि आई फुंकणीने फुंकता फुंकता मध्ये श्वास घ्यायला थांबली की म्हणायची: "भिजलं लाकूड, धुरते चूल, देवा, फुंकर तूही घाल." एवढंच. नलूताई ते म्हणायच्या तेव्हा त्यांचे डोळे भरून यायचे, आणि लगेच स्पष्टीकरण द्यायच्या, की धुराची आठवण आहे, दुसरं काही नाही. "आईने देवाला कधी गॅस मागितला नाय," त्या म्हणायच्या. "फुंकर मागितली. तेवढी तो घालत असंल असं मला वाटतं. कारण चूल पेटायची. जेवलो आम्ही."

दुसरं गाणं रझियाचं. रझिया त्यांची प्रयोगशाळेतली जोडीदारीण, खाडीकाठच्या गावची. तिचे बाप, भाऊ, नवरा सगळे जहाजावर. एकीच्या स्लाइड दुसरीने पुन्हा तपासायच्या, असा दोघींचा शिरस्ता होता, आणि तपासता तपासता रझिया आपल्या आजीचं गाणं गुणगुणायची: "वाऱ्याच्या धन्या, वारा जरा धर, माझ्या घरचं माणूस आहे पाण्यावर." नलूताईंचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, जयगडच्या खाडीत लाँच चालवायचे. त्यामुळे दोघी मिळून ते म्हणायच्या, एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून.

हे गाणं नलूताईंनी मंडळात आणलं तेव्हा कमलवहिनींनी विचारलं, "कुठल्या संताचं?"

"रझियाच्या आजीचं."

मग कमलवहिनी म्हणाल्या, "पण ह्यात देवाचं नाव कुठे हाय?"

"वाऱ्याला धनी किती असतील वहिनी?" नलूताईंनी विचारलं. खोचून नाही, खरंच विचारलं.

कमलवहिनींचा थोरला मुलगा तेलवाहू जहाजावर आहे. त्या दिवशी त्यांनी विषय बदलला. पण पुढच्या महिन्यात समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली आणि मुलाचा फोन चार दिवस लागला नाही, तेव्हा शुक्रवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "ते वाऱ्याचं घ्या आज." आता ते आमच्या मंडळाचं नेहमीचं झालंय.

उरलं अर्धं गाणं. ते अर्धं का, हीच सगळी गोष्ट आहे.

ते पद कमलवहिनींच्या माहेरून आलेलं. आम्ही शेवटी तेच म्हणतो. "नाव दिली तुझ्या हाती, वल्ही सोडियेली दोन्ही, पैल दिसो वा न दिसो, आता मज भय नाही." नलूताई पहिल्या तीन तुकड्यांना खणखणीत असायच्या आणि 'आता मज भय नाही' आलं की तोंड मिटायच्या. आणि अण्णांचं सगळ्यात लाडकं पद नेमकं हेच. बाहेर पायरीवर बसून ते ऐकायचे. एकदा भर पावसात त्यांच्या लाँचचं इंजिन बंद पडलं होतं, ओहोटी लागलेली, लाँच खाडीच्या मुखाकडे ओढली जात होती, आणि इंजिन सुरू होईपर्यंत ते मनात हे पद म्हणत होते, असं त्यांनी मला सांगितलं होतं. "वल्ही सोडून कुठला तांडेल बसंल?" असं म्हणून हसायचेही. पण डोळे ओले व्हायचे.

"सगळं म्हणते ही," अण्णा माझ्याकडे तक्रार करायचे, "पण माझी ओळ गाळते. चाळीस वर्षं झाली लग्नाला. एकदा ऐकली नाय तिच्या तोंडून."

नलूताई म्हणायच्या, "मला भय वाटतं. मग नाही कसं म्हणू?"

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या हृदयाचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया करावी की नाही, तर एका डॉक्टरने लगेच म्हटलं, दुसऱ्याने या वयात नको म्हटलं, तिसऱ्याने निर्णय घरच्यांवर सोपवला. नलूताईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोन दिवस बघत बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चल, माहेरच्या देवाला कौल लावू."

पालीजवळच्या त्यांच्या गावात ग्रामदेवतेला अजून कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं म्हणणं देवापुढे मांडतो, आणि मग सगळे बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्ही बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी उजवी पाकळी पडली. गुरवाने हात जोडले. "दिलान कौल. करा खुशाल."

"परत लावा," नलूताई म्हणाल्या.

गुरवाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "देवान एकदा सांगितलान ना बाय. मगे परत कशाला इचारताव?"

"एका स्लाइडवर मी कधी रिपोर्ट दिला नाय. परत लावा."

माणूस वयाने लहान होता, आणि नलूताई त्याच्या आजीच्या ओळखीच्या. त्याने नाराजीने पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी डावी पडली. गुरवाच्या कपाळाला आठ्या. देवाला राग आला, असं तो म्हणाला. नलूताई बराच वेळ त्या दोन पाकळ्यांकडे बघत राहिल्या, मग उठल्या, नारळ ठेवला, जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. मी इतका खोल नमस्कार मंडळातल्या कुणाला करताना पाहिलेला नाही, आणि मीही कधी केलेला नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्याच्याने राहवलं नाही. "नलूताई, खरं सांगा. देव आहे असं वाटतं तुम्हाला?"

खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "स्लाइडवर शंभर जागा बघायच्या असतात. शंभरातही जंतू नाय मिळाला, तर आम्ही काय लिहायचो, माहीत हाय? 'दिसला नाही.' 'नाही' असं कधी लिहिलं नाय मी. तेवढा अधिकार नसतो."

घरी आल्यावर अण्णांनीच निकाल लावला. देव आणि डॉक्टर दोघांचं एकमत होत नाही म्हटल्यावर मी माझा मोकळा, असं म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. नलूताईंनी वाद घातला नाही. पण तेव्हापासून त्यांची तपासणी अण्णांवर सुरू झाली. नाडी, श्वास, पायाची सूज. तासातासाला. अण्णा झोपलेत की नाही हे बघायला त्या त्यांच्या नाकापुढे बोट धरायच्या, आणि अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, "हाय अजून."

वर्षभर हे चाललं. मग ते अंथरुणालाच खिळले. एका शुक्रवारी त्यांनी निरोप पाठवला, आज भजन माझ्या खोलीत करा.

आता जे झालं ते मी केलं. कमलवहिनींच्या माथी मी ते मारणार नाही. जाण्याआधी मी सगळ्यांना देवळात गोळा केलं आणि सांगितलं, शेवटचं पद घेऊ तेव्हा त्या ओळीला आपण सगळ्यांनी गप्प बसायचं. कुणीच म्हणत नाही म्हटल्यावर तिला म्हणावंच लागेल. म्हातारा माणूस आहे, एक ओळ मागतोय. तिचा हट्ट मोठा की त्याचा जीव? सगळ्यांना ते पटलं. मला तर वाटत होतं की मी पुण्याचं काम करतेय. थोडंसं असंही वाटत होतं की बघू या, हिच्या वहीतलं प्रश्नचिन्ह किती टिकतं.

अण्णा उशीला टेकून बसले होते. नलूताई त्यांच्या पायाशी. चुलीचं झालं, वाऱ्याचं झालं, आणि मी नावेच्या पदाचे सूर धरले. "पैल दिसो वा न दिसो" इथपर्यंत सगळ्या होतो. मग दहा जणी एकदम गप्प झाल्या. खोलीत फक्त पेटी आणि टाळ. ती जागा आली आणि गेली. मी सूर तसाच धरून ठेवला, पुन्हा ती जागा आणली. नलूताईंनी आमच्याकडे एकेकीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. टाळ त्यांनी गादीवर ठेवला आणि अण्णांचा पाय हातात धरला.

"तुमच्यासमोर खोटं नाय बोलत मी," त्या अण्णांना म्हणाल्या. "लई भय वाटतं."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "राहू दे." आणि डोळे मिटले. ते हसले, असं कमलवहिनी म्हणतात. मला तसं दिसलं नाही. मी पेटी बंद केली, पायांत चपला न घालताच गडगा ओलांडून घरी आले, आणि स्वयंपाकघरात रडले. शरमेने रडले, हे सांगायला मला आता काही वाटत नाही.

आठ दिवसांनी अण्णा गेले.

आळीत जे बोललं गेलं ते बोललं गेलं. नवऱ्याची शेवटची इच्छा, ती पण एका ओळीची, ती पण देवाची. तेवढीही पुरवली नाही बाईने. मी गप्प राहिले. बाजू घ्यायला हवी होती, पण मग ती युक्ती कुणाची हेही सांगावं लागलं असतं.

दीड महिना नलूताई देवळात आल्या नाहीत. त्यांचा पडदा सरकायचा नाही. मी दोनदा बेल वाजवली, आतून "कोण?" आलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत त्या बसलेल्या असायच्या, "ये," म्हणायच्या, चहा करायच्या, दूध न बघता ओतायच्या.

मग एका शुक्रवारी त्या आल्या. नेहमीच्या जागी बसल्या. सगळं भजन त्यांनी बरोबर म्हटलं, जिथे गप्प व्हायचं तिथे गप्प झाल्या. शेवटी कमलवहिनींनी मुद्दाम दुसरं पद काढलं, तर नलूताई म्हणाल्या, "नावेचं घ्या."

मी सूर दिले. "नाव दिली तुझ्या हाती" झालं, वल्ही झाली, पैल झालं. आणि पुढची ओळ नलूताईंनी म्हटली. स्पष्ट, सरळ, कुठेही न कापणाऱ्या आवाजात. "आता मज भय नाही." पुन्हा ती ओळ आली, पुन्हा म्हटली. डोळे उघडे होते आणि कोरडे होते.

कमलवहिनींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. घरी जाताना त्या म्हणाल्यादेखील, "बघ, उशिरा का होईना, श्रद्धा बसली बाईची." बाकीच्यांनाही तसंच वाटलं. ती बाई खोटं म्हणत नाही, हे त्या सगळ्या विसरल्या होत्या. जायचं ते माणूस गेलं होतं. आता कशाचं भय?

मी पेटी वाजवत राहिले. पंचवीस वर्षं ती ओळ मी कधी चुकवली नव्हती. माझा नवरा त्या दिवशी साध्या तापाने घरी झोपून होता, आणि ओळ तिसऱ्यांदा आली तेव्हा मला ती म्हणता आली नाही.